उजवा कौल

“माझ्या नावावर दर महिन्याला काहीतरी येत राहू दे, मग मी कोणाच्या तोंडाकडे बघणार नाही,” असं प्रभावती नोकरी लागली तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती. पांडुरंग नुसता हसला होता. तेव्हा सुर्ल्याच्या लोहखनिजाच्या खाणी रात्रंदिवस चालत, गावातली केळीची पानंसुद्धा धुळीने लाल असत, आणि सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या बायकोचा पगार त्याला चिल्लर वाटे.

पुढे त्याने कर्ज काढून खनिज वाहायचा ट्रक घेतला आणि काही दिवसांतच खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणात उभा राहिला. त्याच्या चाकांतून दुधीचा वेल चढला. पांडुरंग सकाळी अंघोळ करून त्या वेलाकडे बघत बसे. असा बसून बसूनच तो एक दिवस गेला. हप्ते प्रभावतीने फेडले.

आता तिच्या निवृत्तीला महिना उरला होता. खिडकीपलीकडच्या माणसाला वय विचारावं, त्याने “साठ” म्हणावं, की तिचं पेन अडे. रांगेतली निवृत्त माणसं तिला लांबूनच ओळखू येत. इस्त्रीचा शर्ट, हातात औषधांची पिशवी, आणि अजून कोणी आपल्याला ‘साहेब’ म्हणेल का, हे शोधणारी नजर. त्यांतला एकजण बसच्या भाड्यासाठी सुनेकडे हात पसरतो, हे तिला ठाऊक होतं. त्याचा पेपर लिहिताना ती मान वर करत नसे.

घरी साईश, तिचा एकुलता मुलगा, एकच धोशा लावून बसला होता: पेन्शन वीक. विकायची म्हणजे दर महिन्याच्या रकमेतला मोठा हिस्सा पंधरा वर्षांसाठी सोडायचा आणि त्याचे पैसे एकरकमी उचलायचे. त्या पैशांत त्याला खनिज वाहायला टिपर ट्रक घ्यायचा होता.

“खाणी परत सुरू झाल्यात गो आई. सगळे घेतायत.”

“तुझा बापूसपण हेच म्हणायचा.”

“बाबांचं नशीब फुटकं होतं. त्याची शिक्षा मला कित्याक?”

प्रभावतीने मनात हिशेब केला. नाही म्हटलं तर हा बोलणं टाकील. आणि नोकरी सुटल्यावर दिवसभर बसायचं ते याच्याच घरात. शेवटी ती म्हणाली, “देवीला कौल लावूया. ती सांगेल तसं करूया.”

सून गौरवी भांडी पुसत होती. “देवीक टिपराचे हप्ते कळतात काय गो मांय?” तिने विचारलं. साईश मात्र लगेच तयार झाला.

प्रभावतीला खात्री होती, देवी नको म्हणेल. मुलाला नकार द्यायचं काम तिने देवीवर टाकलं होतं.

पेन्शनचा अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी तिघं देवळात गेली. भटजींनी गाऱ्हाणं घालून प्रश्न देवीच्या कानी घातला आणि देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. आधी उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नको.

“लग्नाचे, विहिरीचे, भावकीच्या भांडणाचे कौल लावले,” भटजी म्हणाले. “पेन्शनीचा हा पहिलाच. देवीलाही विचार करायला जरा वेळ द्या, हां.”

साईश गरजेपेक्षा मोठ्याने हसला.

समईची ज्योत हलत होती. डावीकडची पाकळी सैल झाली, खाली झुकली, लोंबत राहिली. प्रभावती मनात म्हणाली, पड गो बाई, पड. तेवढ्यात उजवीकडची अलगद सुटली आणि देवीच्या पायांशी पडली.

“उजवा!” भटजी म्हणाले. “स्वच्छ कौल दिला हो.”

साईशने आईचा खांदा दाबला. “बघ! तूच म्हणाली होतीस ना?”

भटजींनी तीर्थाची पळी तिच्यापुढे केली. ते घेतलं की कौल मानला. गौरवीने तिला हलकेच ढोसलं. “मांय, हात पुढं कर.”

प्रभावतीने देवीकडे बघितलं. जन्मभर जिच्यापुढे तिने मान खाली घातली, ती देवी. मग तिने मुलाकडे बघितलं. पळीतलं पाणी थेंब थेंब सांडत होतं.

तिने हात पदरातच ठेवले. देवीला वाकून नमस्कार केला, मागे वळली, आणि देवळाबाहेर पडली.