समासातला ‘भा.’

रविवारी उपासना संपल्यावर माझं पवित्र शास्त्र चर्चच्या बाकावरच राहिलं आणि नेमकं भास्करच्या हाती लागलं. भास्कर माझा धाकटा भाऊ, राहायला शेजारीच. कुंपणावरचा शेवगा त्याने मला न विचारता तोडला, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

स्तोत्रांमध्ये जिथे जिथे ‘दुष्ट’ हा शब्द येतो, तिथे समासात मी पेन्सिलीने ‘भा.’ लिहून ठेवलं होतं. वाचन चालू असताना त्यातून मला फार आत्मिक समाधान मिळायचं.

संध्याकाळी तो दारात आला. शास्त्र माझ्या हातात देत म्हणाला, “दादा, नुसतंच ‘भा.’? माझ्या प्रतीत तुझं पूर्ण नाव आहे. आडनावासकट.”

आणि गेला. मी चहाही विचारला नाही.

“आडनाव तर एकच आहे तुमचं,” बायको आतून म्हणाली.

मी रबर घेऊन बसलो. कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ, दुसऱ्याच ‘भा.’ला फाटला. पानं उलटताना दिसलं, ‘नीतिमान’ शब्दाशेजारचा समास सगळीकडे कोरा होता. तिथे नाव लिहायची मला कधी गरजच वाटली नव्हती. तो कोण, हे मी गृहीतच धरलं होतं. दुष्टांची वाट आपल्या अंगणातून जात असेल, असं मनात येतच नाही. ती कायम शेजारच्या फाटकातून निघते.

रबर ठेवलं, पेन्सिल घेतली आणि पुढच्या ‘भा.’खाली माझं नाव लिहिलं. आडनावासकट.

त्याचं मात्र पुसलं नाही. शेवगा त्यानेच तोडलाय.