हॉटेलच्या खोलीतली दशमी

"तू खोलीतच खा. खाली मोठी माणसं असतेत," अक्का म्हणाल्या आणि जाता जाता दाराजवळच्या खाचेतलं कार्ड उपसून घेऊन गेल्या. दार लागलं. दिवा गेला, पंखा थांबला. कलबुर्गीतलं हॉटेल, जाडजूड पडदे. बाहेर ऊन तापायला लागलं असेल. आत मिट्ट काळोख.

मला वाटलं, करंट गेला.

आता हसू येतं. आमच्याकडं करंट जाणं रोजचंच. गेला की हात मांडीवर ठेवून बसायचं, येईल तेव्हा येईल. तशीच बसले. पलंगावर नाही, पलंगाच्या कडेला फरशीवर. पलंगावर बस असं कुणी सांगितलं नव्हतं ना. वय चाळिशीच्या पुढचं, पदरात दोन लेकरं, आणि अक्कल शेळीपेक्षा कमी. शेळी तरी अंधारात कोंडली तर ओरडते.

अक्का म्हणजे भालकीच्या एका आडत दुकानदाराची बायको. मी त्यांच्याकडं भांड्याला, झाडलोटीला. आमची माणसं मेंढरामागची. मेंढरं सासऱ्याच्या काळातच गेली. नवरा ऊसतोडीला जायचा, कंबर गेली तसा घरी बसला. घर माझ्या कामावर चालायचं.

अक्कांच्या लेकीचं लग्न ठरत होतं, मुलाकडचे कलबुर्गीचे. बोलणी करायला मालक, अक्का आणि लेक निघाले. मला सोबत घेतलं ते पेट्या उचलायला, साड्यांच्या घड्या घालायला. आणि डब्यासाठी.

"बाहेरचं खाणं सोसत न्हाई आम्हाला," अक्का म्हणाल्या होत्या. "सकाळचं खोलीतच खाऊ. दशम्या कर, शेंगाची चटणी कर, चिवडा कर. गरम करायची, ताटं धुवायची झंझट नको."

मी हुरळले. पहाटे चूल पेटवली. ज्वारीचं पीठ दुधात भिजवलं, दशम्या थापल्या. एकेक कापडावर पसरून गार केली, कारण गरम बांधली की घाम सुटतो आणि दुसऱ्या दिवशी बुरशी. चटणीत लसूण भाजून घातला. गुळाचे खडे कागदात. मनात एकच चित्र: हॉटेलची खोली, पलंगावर सगळे मांडी घालून बसलेत, मधे माझा डबा, आणि अक्का म्हणायल्यात, तू बी बस की. बघा, केवढी उडी. लोक चंद्रावर जातात, मी पलंगावर जायचं स्वप्न बघत होते.

दशमीच का, ते सांगते. अक्कांच्या घरी माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं; मी घासलेल्या भांड्यांवरही अक्का स्वतः पाणी फिरवून घ्यायच्या. भाकरीचं पीठ पाण्यात भिजतं, म्हणून माझ्या हातची भाकरी नाही. दशमीचं पीठ दुधात भिजतं, आणि दुधाला विटाळ नसतो म्हणे. म्हणून दशमी चालायची. दूध माझ्याच म्हशीचं. म्हशीला पाणी मीच दाखवायची. माझ्या हातचं पाणी म्हशीच्या पोटातून फिरून आलं की अक्कांना गोड लागायचं. इतकी वर्षं मी ते केलं आणि एकदाही मनात आलं नाही की आपल्यापेक्षा म्हशीला मान जास्त आहे.

अंधारात चाचपडत डबा उघडला. एक दशमी मोडून खाल्ली. तेवढ्यात दार उघडलं. झाडायला आलेली हॉटेलची बाई मला बघून दचकली.

"अम्मा, अंधारे में कायकू बैठे?"

"करंट न्हाई की."

"करंट है ना. कार्ड लेके गए तो लाइट जाता. नाश्ता करे क्या? नीचे सबका है, रूम के पैसे में है."

"आमचा डबा हाय. आमच्या अक्काला बाहेरचं सोसत न्हाई, त्या नुसत्या बोलायला खाली गेल्यात."

"कौन अक्का? वो हरी साडीवाली? डोसा खा रई वो. अब्बीच देखके आई मैं."

तिनं केर काढला आणि गेली. जाताना माझ्यासाठी दार उघडं ठेवून गेली, म्हणजे बाहेरचा उजेड यावा.

मला राग आला असं सांगितलं तर खोटं होईल. काहीच आलं नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपला राहत नाही, तसं. पूर्ण अंग तसं. मी उरलेली दशमी संपवली. चटणी पण परत घेतली वर.

अक्का वर आल्या त्या कागदाच्या रुमालात अर्धा वडा घेऊन. "घे. ताटात टाकून काय करायचं." वड्याला दाताची खूण होती. मी खाल्ला. वर म्हणाले, "लई मऊ हाय." तो उष्टा वडा खाणारी बाई आज रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख दाखवणार नाही. पण ती मीच होते, काय करता.

दिवसभर साड्यांच्या घड्या घातल्या. रात्री फरशीवर झोपले. झोप चांगली लागली. तेच आठवलं की अजून कसंतरी होतं.

दुसऱ्या सकाळी मुलाची आई आणि म्हातारी आजी खोलीवर आल्या. नवरीमुलगी बघायची, चार शब्द बोलायचे. अक्का म्हणाल्या, "डबा काढ गं." मी कागदाच्या बशांत दशम्या मांडल्या, चटणीचा डबा हातात धरून उभी राहिले.

मुलाच्या आईनं तुकडा मोडला. "हॉटेलात उतरून घरचं खाणं? कोण केलंय?"

"आमच्याकडं कामाला हाय ना, हिनंच," अक्का म्हणाल्या. "पण दुधातल्या हायत, निवांत खावा. पाण्याचा हात लागलेला न्हाई."

मी दोघींच्या मधे उभी. हातभर अंतरावर. डब्याच्या झाकणाविषयी बोलावं तसं ते बोलणं. झाकण घट्ट आहे, काळजी नको.

आणि माझं तोंड बोललं. मी बोलले असं म्हणत नाही, कारण मला आधी ठाऊक नव्हतं.

"दूध नासलं होतं, अक्का. पाण्यातच भिजवले मी."

मुलाच्या आईचा हात बशीवर थांबला. तिनं तुकडा हळूच खाली ठेवला. अक्कांची एक दशमी खाऊन झाली होती. लेकीच्या तोंडात घास होता, तो ना गिळता येईना ना थुंकता. म्हातारी एकटी चावत राहिली.

"मला तर ग्वाड लागायली," म्हातारी म्हणाली. "आणि एक दे गं."

मी तिला आणखी एक दिली.

अक्का उठल्या. मला दाराकडं घेऊन गेल्या, दंडाला न धरता, नुसत्या डोळ्यांनी. "काय बोलायलीस तू? आत्ताच्या आत्ता खोटं हाय म्हण. न्हाई तर उद्यापासून दारात येऊ नको."

खोटं तर होतंच. दूध चांगलं होतं, ताजं, सायीसकट. मी अक्कांच्या घरी कधी लबाडी केली नव्हती, केली ती ही पहिली. एक शब्द मागे घेतला असता तर काम राहिलं असतं. घरात नवरा आडवा, धाकट्याची शाळा. सगळं कळत होतं. तरी आतून काहीच हलत नव्हतं.

"म्हणत न्हाई," मी म्हणाले. "नाष्ट्याला जायले मी."

खाली गेले. पांढऱ्या शर्टातल्या माणसानं खोली विचारली, मी सांगितली. तो म्हणाला, बसा. खुर्ची ओढली, बसले. उपीट घेतलं, चहा घेतला. चव आठवत नाही.  एक माणूस सकाळी नाष्टा करत होता, एवढंच.

अक्कांनी मला गाडीतून गावापर्यंत नेलं नाही, कलबुर्गीच्या बसस्टँडवरच उतरवलं. काच खाली करून हळूच विचारलं, मालकांना ऐकू जाऊ नये असं.

"खरं सांग. दूध होतं का पाणी?"

"तुमच्या पोटाला इचारा," मी म्हणाले.

काम गेलं. गेलं ते गेलंच. दुसऱ्याच्या रानात भांगलायला, तण काढायला गेले, ऊन खाल्लं, धाकट्याची शाळा एक वर्ष बुडाली. लग्न मात्र मोडलं नाही. एवढ्यानं मोठ्यांची लग्नं मोडत नसतात. लग्नाच्या आधी अक्कांचा निरोप आला: बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी दशम्या करून दे, झालं गेलं विसर, फक्त दुधातल्या कर. मी निरोप पाठवला की भाकऱ्या करते, पाण्यातल्या, माझ्या अंगणात येऊन खावा. कुणी आलं नाही. न यावं.

अजून भालकीच्या बाजारात अक्का दिसतात. म्हाताऱ्या झाल्या, मी पण झाले. अजून त्यांच्या डोळ्यांत तोच प्रश्न असतो. मी सांगत नाही. मरेपर्यंत सांगणार नाही.

आता माझ्या दारात कुणी आलं, मतं मागायला येवो, सोयरीक घेऊन येवो, म्हैस बघायला येवो, मी आधी पाण्याचा तांब्या पुढं करते. पिला तर बस म्हणते. नाही पिला तर उठ म्हणते. मग तो कोण का असेना.