पाळण्यावरचं छत

छताखाली झोपायची मला भीती वाटते. हसू नका. आयुष्यभर लोकांच्या छतांना गिलावा करणारा माणूस मी, पण कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेलो की आधी वर बघतो. बायको कोपराने ढोसते, लोकांच्या तोंडाकडे बघून बोला म्हणते. आता तोंडं काय अंगावर पडतात?

ही भीती धंद्यानेच लावली. बदलापूरला जिकडेतिकडे इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा मी रेती चाळण्यापासून सुरुवात केली. मग घमेली उचलली, मग हातात थापी आली. एका साइटवर आम्ही नुकताच केलेला छताचा गिलावा माझ्या डोळ्यांदेखत सुटला आणि परांचीच्या फळीवर माझ्या पायाशेजारी आदळला. रेती खाडीची, न धुतलेली. वर स्लॅबला टाचे मारून तो खरखरीतही केला नव्हता, मग माल धरणार कशाला? मिस्त्री म्हणाला, वाचलास, चल, माल कालव. मी कालवला, पण संध्याकाळपर्यंत दर घमेल्यामागे वर बघत होतो.

तेव्हापासून मला एक खोड लागली. गाडीतून रेती उतरली की चिमूटभर जिभेवर ठेवायची. खारट लागली की मी थापी खाली ठेवायचो. उल्हासनगरचे ठेकेदार माझी टर उडवायचे. एकजण तर, मिस्त्री, लिंबू पण पिळू का वरून, असं सगळ्यांसमोर विचारायचा. कामं गेली माझी. पण मी धुतलेलीच रेती मागत राहिलो, सिमेंटचं पोतं फोडून त्यात गोळे झालेत का ते हाताने चाचपत राहिलो, आणि गिलावा वाळला की थापीच्या दांड्याने ठोकून बघत राहिलो. आवाज भरीव आला की जीव भांड्यात पडायचा. पोकळ आला की तेवढा भाग फोडून पुन्हा करायचो. लोक म्हणायचे काम पक्कं आहे याचं. अहो, पक्कं कसलं, मी भित्रा आहे म्हणून ते तसं व्हायचं.

माझी धाकटी बहीण उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये दिलेली. मी अंबरनाथला बुवापाड्यात. तिचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं, थोरलं पोर तेवढे दिवस माझ्याकडे होतं, आणि बारशाच्या आधी दाजींचा फोन आला. हॉलला पीओपीचं सिलिंग करून घेतोय, बोर्ड कुठला घेऊ? मालाचं कुणी विचारलं की मी फुगतो, हा माझा स्वभाव. चांगल्यातला घ्या, आतली फ्रेम हलकी घेऊ नका, आपल्याकडची हवा दमट आहे, असं मी ऐटीत सांगितलं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या घरी छत झाकायची एवढी घाई कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आमच्यात पाळणा मामाने टांगायचा. म्हणून बारशाच्या आदल्या दुपारी मी पाळणा घेऊन गेलो. सिलिंग खरंच देखणं झालं होतं. कडेने दिवे, मधे गोल नक्षी, आणि नक्षीच्या मधोमध भोक ठेवून त्यातून स्लॅबचा जुना हूक खाली आलेला. दाजींनी सगळे दिवे लावून दाखवले. बहिणीच्या सासूबाईंनी उद्या बाळाआधी पाळण्यात घालायचा वरवंटा धुऊन, त्याला टोपडं घालून ठेवला होता. बहीण आतल्या खोलीत बाळाला घेऊन बसली होती, तिथूनच म्हणाली, दादा, दोरी आखूड ठेव, मला वाकवत नाही अजून.

स्टुलावर चढलो. दोऱ्या हुकात घातल्या आणि सवयीने बोर्डावर बोटाने टकटक केली. भिंतीकडे ढबढब वाजलं. ते बरोबरच होतं, पीओपीच्या वर मोकळी जागा असते, ते पोकळच वाजायला हवं. मग हुकाजवळ ठोकलं.

तिथे भरीव वाजलं.

आयुष्यभर मी पोकळ आवाजाला घाबरलो, पण त्या दिवशी भरीव आवाजाने माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बोर्डाच्या वर काहीतरी येऊन बसलं होतं. तळवा टेकवून हलकेच दाबलं, तर बोर्ड वर उचलला जाईना. मी पाळणा हुकातून काढून खाली ठेवला.

दाजींना विचारलं, सिलिंगच्या आधी छत कसं होतं? ते जरा घुटमळले. मग म्हणाले, अधूनमधून खपल्या पडायच्या, पाहुण्यांत बरं दिसत नाही, म्हणून तर झाकलं ना.

मी म्हटलं, बोर्ड कापून बघायला लागेल. झालं, बहिणीचे सासरे उसळले. उद्या माणसं जेवायला येणार, हजारो रुपये घातलेत, आणि आजच घराला भोक? मिस्त्री लोकांना सगळीकडे पडझडच दिसते, म्हणाले.  वर काही नसेल तर? माझ्या भित्रेपणापायी बहिणीला जन्मभर सासरी टोमणे ऐकावे लागतील. आणि असेल तर उद्या त्याच्याच खाली बाळ निजणार. तेवढ्यात बहीण बाळाला घेऊन बाहेर आली, पाळण्यात जरा टाकून बघू का म्हणाली. आणि मला तिच्या सासऱ्यांपेक्षा त्या छताची जास्त भीती वाटली.

"बाळाला घेऊन कडेकडेने बाहेरच्या दारात जा," मी म्हणालो. "आत येऊ नकोस."

माझा आवाज ऐकून ती भिंतीच्या कडेने जिन्याच्या दारात गेली. सासऱ्यांकडे न बघता मी दोरीसाठी आणलेला कटर घेऊन पुन्हा स्टुलावर चढलो आणि नक्षीच्या कडेला वीतभर चौकोन कापला. हात आत घातला. बोटांना आधी धूळ लागली, मग कॉंक्रीटचे खडबडीत तुकडे. एकावर एक, नुसते येऊन बसलेले. चांगल्यातला बोर्ड आणि दणकट फ्रेम, माझ्याच सल्ल्याने घेतलेली, ते सगळं ओझं मुकाट झेलत होती. अजून किती झेललं असतं, देव जाणे.

एकेक तुकडा मी अलगद बाहेर काढला आणि दाजींच्या हातात दिला. दाजींचे हात भरले की ते वाकून जमिनीवर ठेवायचे आणि परत वर करायचे. एक तुकडा त्या टोपडं घातलेल्या वरवंट्याएवढा निघाला. सासूबाईंनी तो बघितला आणि मटकन खाली बसल्या.  सासऱ्यांनी पाळणा उचलून बाहेर जिन्यात नेऊन ठेवला.

मग मी मोबाईलचा उजेड आत धरला. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या होत्या, गंजून त्यांचे पापुद्रे सुटत होते. बोट लावलं तर पापुद्रा हातात आला. हूक ज्या जागी रुतला होता तिथे चहूबाजूंनी भेग गेली होती. 

दाजींनी विचारलं, तुकडे निघाले ना सगळे, आता तिथे नुसता गिलावा मारला तर? चांगला माल आणू, म्हणाले. मी मान हलवली. याला आता कुठलाच माल पुरणार नव्हता. म्हटलं, बारसं माझ्याकडे करू, आज इथे कुणी झोपायचं नाही. कपडे तेवढे घ्या आणि निघा.

तेवढ्यात डोक्यावर धडधड धडधड झाली. वरच्या मजल्यावर कुणाची तरी मुलं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत गेली. कापलेल्या चौकोनातून बारीक माती माझ्या मनगटावर सांडली. आम्ही सगळे वर बघत राहिलो.

"दादा," बहीण दारातून म्हणाली, "ती मुलं ह्याच्यावरच पळतायत ना?"

"हो."

तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि जिन्याकडे वळली. मी म्हटलं, अगं ओली बाळंतीण तू, थांब, मी जातो. जातो म्हटलं खरं, पण माझे पाय स्टुलावरून उतरेनात. ती एकेक पायरी दमत चढली. मग वरच्या बिऱ्हाडाची कडी वाजली, आणि तिचा आवाज खालपर्यंत स्पष्ट ऐकू आला.

"वहिनी, मुलांना आधी उचलून घ्या. मग सांगते."