सावरीचं कूळ

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली, जोडाक्षराला हात अजून अडतो. त्याबद्दल माफी असावी. पण माफी एवढीच. दुसरी एक मागायला सांगितली होती, ती मी मागितली नाही. का नाही मागितली, ते लिहायला बसलेय.

“ए, ठेव! ठेव ती खाली! देवाला जायचीत ती फुलं!”

सोसायटीच्या बागेत, भर रविवारी, सगळ्यांसमोर सेक्रेटरींची बायको माझ्यावर ओरडली. माझ्या हातात एक जास्वंद होती. मी ती ट्रेमध्ये ठेवली. तिने ती देठाला दोन बोटांनी धरून उचलली आणि खताच्या खड्ड्यात टाकली. मग बाकीच्या फुलांकडे बघत म्हणाली, “हिचा हात अजून कशाकशाला लागला?”

तिथपर्यंत काय झालं ते सांगते.

मुलुंडला डोंगराच्या बाजूला ती सोसायटी आहे. चार टॉवर, मध्ये बाग, बागेच्या कोपऱ्यात गणपतीचं देऊळ. मी तिथे झाडायला होते. बागेत एक मोठं सावरीचं झाड आहे. त्याला बहर आला की लाल, जाड फुलं धपाधप पडतात. झाडलं की पुन्हा पडतात. त्या झाडावर मी चिडून होते, एवढीच आमची ओळख.

त्या रविवारी कॉलेजातून रिटायर झालेल्या एक मॅडम आल्या होत्या. सोसायटीच्या बायका आणि मुलांना फुलं शिकवायला. फुलांचा ट्रे धरून उभं राहायचं काम माझं. उरलेली फुलं देवळात जायची होती.

मॅडम म्हणाल्या, “आज आपण कूळ ओळखायला शिकायचं.”

मला वाटलं, आता एकेकाला विचारणार. मी सावरीच्या बुंध्यामागे सरकले. हसू नका. आमच्या माणसांना तो शब्द ऐकला की असंच होतं. नव्या कामावर “पूर्ण नाव काय?” म्हणतात, तेव्हा त्यांना नाव नको असतं. आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, तो बघायची सवय झालीय.

पण मॅडम फुलांचं बोलत होत्या. फुलांनाही कूळ असतं, आणि ते फूल उघडून, आत बघून ठरतं. पान, उंची, रंग यांच्यावर जायचं नाही. त्यांनी झेंडू फोडून दाखवला. आपण एक फूल म्हणतो ती फुलांची वस्ती असते, प्रत्येक बारकी काडी म्हणजे वेगळं फूल. शेवंती, सूर्यफूल, सगळी त्याच कुळातली. मग जास्वंद घेतली. पाकळ्या पाच. मधल्या दांडीवर सगळे पुंकेसर जुळून त्यांची एक नळी झालेली. भेंडीचं फूल असंच, कपाशीचं असंच. म्हणून ती एका कुळातली.

“हातात घ्या. उघडून बघा. घाबरू नका,” मॅडम म्हणाल्या.

मुलांनी फुलं ओरबाडली. मीही एक उचलली. पाकळ्या बाजूला केल्या. नळी होती. जन्मभर बघितलेलं फूल मी पहिल्यांदा बघत होते.

मग मॅडमनी वर हात केला. “ही सावर. हिचं आधी वेगळं कूळ मानायचे. आता तिला जास्वंदीच्या कुळात घेतलंय.”

माझ्या तोंडून निघून गेलं. मी चार माणसांत बोलत नाही. नवऱ्यासमोर सुद्धा मोजकं बोलते. पण निघून गेलं. “मॅडम, मग झाडाने काय केलं? त्याला कसं घेतलं?”

मॅडम हसल्या. “झाडाने काही नाही केलं गं. आम्हीच आधी नीट बघितलं नव्हतं.”

ते वाक्य माझ्या डोक्यात शिरतंय न शिरतंय, तेवढ्यात सेक्रेटरींची बायको मागे वळली. माझ्या हातातली जास्वंद तिला दिसली. पुढचं वर लिहिलंच आहे.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. “तुला कशाला गं कुळाची उठाठेव? तुझं कूळ कुठलं, ते सांग ना आधी सगळ्यांना.”

लोक हसले. सगळे नाही. तिचीच मुलगी म्हणाली, “आई, यार, बस ना.” मॅडम चष्मा पुसायला लागल्या.

माझी मान खाली. खाली बघितलं तर मुलांनी फाडलेल्या जास्वंदींचा चिखल झाला होता. तो चालत होता. माझ्या हातातली सबंध जास्वंद चालत नव्हती.

मी मान वर केली.

“ताई, ती फुलं सकाळी मीच तोडलीत. कालची पण मीच. माळी गावी गेला तेव्हापासून देवळाची रोजची फुलं मीच तोडते. तुमच्या गणपतीने अजून तरी तक्रार केली नाही.”



दुपारी सोसायटीच्या लोकांनी देऊळ धुतलं. गोमूत्र शिंपडलं. आणि सुपरवायझरने मला पंपाच्या खोलीत बोलावलं.

“सॉरी बोलून टाक ना. तेरा क्या जाता है? म्हण, मी रागात खोटं बोलले, फुलं मी तोडत नव्हते. त्यांच्या मनाला बरं वाटेल.”

“तोडायला तुम्हीच लावलं होतं.”

“अगं हो, पण ते वर कमिटीला माहीत नाही ना! नाही म्हणालीस तर उद्यापासून गेटवर तुझं नाव नसेल.”

म्हणजे खरं बोलले त्याची माफी, आणि वर खोटं बोलायचं.

माझ्याबरोबर झाडायला शेवंती होती. मालवणकडची, जातीने आमच्यातली नाही, पण डबा एकत्र खायची. ती म्हणाली, “म्हण गो बाय सॉरी. पोट आसा आपल्याक.” मग जरा वेळाने स्वतःशीच हसली. “कूळ इचारता काय? आमच्या गावाक कूळ म्हणजे खोताची जमीन कसणारो. माझो आजो जन्मभर कूळच ऱ्हवलो. त्यांका कूळ आसता. आमी कूळ आसतों.”

“आणि मॅडम म्हणतात तू झेंडूच्या कुळातली.”

“मगे बरा झाला. देवाक तरी चालतलंय.”

आम्ही दोघी हसलो. ते हसून झाल्यावर माझं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरी होते, त्यांची बायको होती, सुपरवायझर भिंतीला टेकून. मला घाम फुटला होता, आवाज चिरका येत होता. तरी म्हणाले, “फुलं मी तोडली. खोटं बोलले असं मी म्हणणार नाही.” झाडू तिथेच ठेवला आणि गेटबाहेर पडले.

कोणी मागे बोलावलं नाही. दोन महिने घरात बसले. नवरा म्हणाला, “फुलापायी नोकरी घालवलीस.” त्याला म्हटलं, फुलापायी नाही. त्याला कळलं की नाही माहीत नाही. आता घाटकोपरला एका ऑफिसचे जिने पुसते. पगार कमी आहे. लांब पडतं.

मध्ये मॅडमचा फोन आला. शेवंतीकडून नंबर घेतला होता.

“तू हुशार आहेस गं. त्यांना एकदा सॉरी म्हण. मी सांगेन, सोसायटीतल्या पुढच्या वर्गात तुला मागे बसू देतील.”

“मॅडम, तुम्ही तिथेच होता. त्यांनी काय विचारलं, ते ऐकलं ना तुम्ही?”

“अगं, मी पाहुणी होते तिथे. मी काय बोलणार?”

“मी पाहुणी नव्हते. म्हणून मला बोलावं लागलं.”

फोन मीच ठेवला.

शिकणं मात्र सोडलं नाही. ब्लेड आणलं, एक भिंग आणलं. रस्त्याकडेचं जे फूल मिळेल ते कापते. चुकते. परवा एरंडाला पपईच्या कुळात बसवलं, पानं सारखी दिसली म्हणून. मग दोघांची फुलं कापली. कुठेच जमेना. तेव्हा काढून टाकलं. मला वेळ लागला तो दोन फुलं कापण्याचा. आम्हाला ज्यांनी खाली बसवलं, त्यांनी कधी एवढाही वेळ दिला नाही. आत बघायची त्यांना गरजच वाटली नाही.

महापालिकेच्या बागेबाहेर बोर्ड लागलाय. त्याच मॅडमचा वर्ग, पुढच्या रविवारी, सर्वांसाठी खुला. सोसायटीच्या बायका येणार आहेत, शेवंती सांगत होती. मीही जाणार. पहिल्या रांगेत बसणार. हात वर करून उभी राहणार आणि विचारणार, की झाडाचं कूळ चुकलं तर तुम्ही पुस्तक बदलता, मग माणसाचं चुकवलं ते कोण बदलणार?

घाम फुटेल. आवाज चिरकेल. उत्तर मिळेपर्यंत मी खाली बसणार नाही.