मासे, शेवाळ आणि पेशीची तारीख

आमच्या ओसरीवर माशांची काचेची पेटी आली, तेव्हा उस्मानाबादेत तशी दुसरी कुणाकडं असेल असं मला वाटत नाही. शेजारचे चाचा बांगड्यांचे व्यापारी. माल आणायला हैदराबादला जायचे. एका खेपेला बांगड्यांबरोबर त्यांनी ही पेटीही आणली. लोखंडी चौकटीत लांबी भरून काचा बसवलेल्या, आणि सोबत पत्र्याच्या डब्यात थोडे लाल-सोनेरी मासे. चाचांना ती विकायची होती की नुसती दाखवायची होती, ते कळलं नाही. माझ्या सासऱ्यांनी ती त्याच दिवशी ठेवून घेतली. सासूबाईंनी विचारलं, यांचं करायचं काय? सासरे म्हणाले, बघायचं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, बघायला घरात म्हैस आहे की.

सासरे निजामाच्या राज्यात तहसील कचेरीत पेशकार होते. साहेबापुढं मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, ठेवायच्या, पेशीची म्हणजे सुनावणीची पुढची तारीख द्यायची, हे त्यांचं काम. उर्दू अर्ज लिहून घ्यायला आणि आलेले हुकूम वाचून घ्यायला माणसं घरीही यायची. सकाळी ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे, असं सासूबाई सांगत. मी लग्न होऊन आले तोवर राज्य बदललं होतं, कचेरी हळूहळू मराठीत चालली होती आणि सासरे घरी बसले होते. लिहिण्या-वाचण्यासाठी लोकांना आता त्यांची गरज नव्हती. सतरंजी मात्र रोज सकाळी अंथरली जायची. तिच्यावर मामंजी एकटे बसायचे आणि वाटेनं जाणाऱ्याला "कसं काय?" विचारायचे. जाणारा "बरंय" म्हणून जायचा.

पेटी आली आणि ओसरी पुन्हा भरली. मामंजींनी ती पूर्वेच्या कठड्यावर ठेवली, म्हणजे सकाळचं ऊन पडलं की मासे नाण्यासारखे चमकत. लोक बघायला येत, टेकत, आणि टेकले की मामंजी विषय काढत. दोन आठवड्यांत ते पाच वर्षांनी तरुण दिसायला लागले. माझ्या वाट्याला चहाची पातेली आली, पण तक्रार नव्हती. दिवसभर मोकळा बसलेला सासरा घरात किती लुडबूड करतो, हे ज्या सुनेनं भोगलंय तिला मी काय म्हणते ते कळेल.

मग पाणी हिरवं व्हायला लागलं. आधी काचेवर बारीक साय धरली. मामंजींनी दाढीच्या पात्यानं ती खरवडली. चार दिवसांत परत आली. मग केसांसारख्या हिरव्या बटा दगडांना लोंबायला लागल्या. मामंजींनी सगळं पाणी उपसून नवं भरायला लावलं, म्हणजे आडावरून मी आणलं. नव्या गार पाण्यात एक मासा उलटा झाला. चाचांनी तुरटी फिरवायला सांगितलं. तुरटी फिरवली, दुसरा उलटा झाला. सासूबाईंचं निदान दृष्टीचं होतं. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळे खोकलो, शेवाळ जिथल्या तिथं.

मला कारण दिसत होतं, कारण पेटी पुसायचं काम माझ्याकडं होतं. तळाशी कणकेचा चिखल बसलेला असायचा. आमच्याकडच्या नद्या दिवाळीनंतर वाळूच. माशांना कणकेच्या गोळ्या घालून पुण्य मिळवायचं तर माणसाला कुठल्या कुठं जावं लागायचं. आता ती सोय आमच्या ओसरीवर झाली होती. सासूबाईंची चतुर्थी, समोरच्या काकूंचा नवस, कुणाच्या पोराची परीक्षा. जो येई तो मुठीत गोळ्या घेऊनच येई. चाचा घरून पोळीचा तुकडा आणत, मुक्या जिवाला घातलं की सवाब मिळतो म्हणत. चाचांचा सवाब आणि सासूबाईंचं पुण्य एकाच पाण्यात विरघळत होतं, आणि मासे बिचारे पोट फुगवून कोपऱ्यात उभे.

मी सांगितलं, एवढं खाणं आणि एवढं ऊन, दोन्ही बंद करा. म्हशीच्या हौदात भुसा पडतो, ऊन लागतं, तो हिरवा होतो. माजघरातला रांजण कधी हिरवा झालाय का?

"रांजणात मासे नसतात," मामंजी म्हणाले, आणि पात्याची धार बघायला लागले.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यातला सगळ्यात मरतुकडा मासा मी लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत घातला आणि बरणी माजघरात अंधाऱ्या फडताळाशी ठेवली. खायला चिमूटभर, तेही एक दिवसाआड. रोज तांब्याभर जुनं पाणी काढायचं, तेवढंच शिळं पाणी घालायचं. काढलेलं पाणी कढीपत्त्याला. सासूबाई म्हणाल्या, लोणच्याच्या बरणीत मासा बघितला तर व्याही काय म्हणतील. व्याही म्हणजे माझे वडील. त्यांनी लोणचंच मागितलं असतं.

महिनाभरानं बरणी ओसरीवर आणून मामंजींपुढं ठेवली. पाणी नितळ, मासा टुणटुणीत. शेजारी पेटी, तिच्यात आतलं काही दिसेना. तिसरा मासा गेला होता तो त्याच सकाळी सापडला होता. मामंजींनी बरणी उचलून उजेडात फिरवून बघितली. मला वाटलं, आता रागावतील.

"सूनबाई," ते म्हणाले, "अंधारात ठेवलेले मासे बघायला कोण येणार?"

मासे मरतायत याचं त्यांना वाईट वाटत होतंच, पण पेटी माजघरात गेली आणि गोळ्या बंद झाल्या, तर सकाळची माणसं जाणार होती. मी त्या वेळेपर्यंत फक्त पाण्याचा विचार केला होता. तव्यावर भाकरी होती म्हणून मी आत गेले. भाकरी उलथली, आणि उलथणं हातात घेऊनच परत आले.

"मामंजी, कचेरीत लोक ऊन बघायला यायचे का?"

"पेशीला यायचे. तारीख असायची."

"मग इथं पण द्या तारीख."

ते हसले नाहीत. मी सांगितलं ते धरून त्यांनी मनातल्या मनात कायदा करायला घेतला असणार, कारण जेवताना ते मीठ मागायलाही विसरले. संध्याकाळी चाचा पोळी घेऊन आले, तर मामंजींनी हात आडवा केला.

"आज तुमची पेशी न्हाई. जुम्म्याला या."

"अरे, मी पेटी आणली हैदराबादहून!"

"म्हणून तर जुम्मा दिला. बाकीच्यांना पुढचा महिना हाय."

पेटी माजघरात नेली नाही. ओसरीच्याच आतल्या, उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवली आणि तिच्यावर मी गोणपाट शिवून टाकलं. दिवसाला एकाच माणसानं चिमूटभर घालायचं, तेही मामंजी गोणपाट उचलतील तेव्हा. ते इतक्या सावकाश उचलत की खुद्द तहसीलदार आत बसलेत असं वाटावं. पाणी काढायचं-घालायचं काम माझ्याकडंच राहिलं. मागच्या काचेवरचं थोडं शेवाळ मी मुद्दाम ठेवलं, ते मासे आपणहून कुरतडत. महिन्याभरात पाणी आरपार दिसायला लागलं. उरलेले मासे पुढं बरीच वर्षं जगले.

आणि लोकांचं काय? ज्याची तारीख होती तो यायचा. ज्याची नव्हती तो तारीख मागायला यायचा. लांबची मिळाली की अलीकडची मागायला यायचा, आणि मामंजी "बघू" म्हणून त्याला बसवून घ्यायचे. काकूंचा नवस पुढं ढकलला म्हणून त्या रुसल्या, मग त्यांची समजूत घालायला सासूबाईंना मध्ये पडावं लागलं. चाचांचा जुम्मा पक्का होता, तरी ते बुधवारीही यायचे, तारीख बदलली तर नाही ना ते विचारायला. सासूबाईंची चतुर्थी मामंजींनी आधी फेटाळली, घरच्या माणसाला सवलत दिली तर बाहेर काय तोंड दाखवायचं, म्हणून. त्या दिवशी त्यांच्या ताटात भाजी नुसती उकडलेली आली. पुढची चतुर्थी मंजूर झाली.

माझे यजमान बेंबळीला मास्तर होते. शनिवारी घरी आले की ओसरीवरच्या चपला ओलांडून त्यांना आत यावं लागे. हे सगळं कुणी सुरू केलं, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, चाचांनी.

चहालाही तारीख लावावी, अशी दरखास्त मी एका सकाळी तोंडी केली. मामंजींनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि नामंजूर केली.