भिंतीतला खिळा

मापताईंचं माहेर कुठलं, हेसुद्धा घड्याळकाकांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान ताईंच्या घरासमोरच, पण ओळख म्हणाल तर मान हलवण्यापुरती. कपडे शिवणाऱ्या या बाईंना सगळी गल्ली मापताई म्हणे, कारण टेप न लावता त्या माणसाचं माप सांगत.

एकदा त्यांचा हात मोडला, शिलाई थांबली आणि घराचे हप्ते थकले. मग बँकेने दारावर जप्तीची नोटीस चिकटवली.

काका ताईंचं दुरुस्त केलेलं घड्याळ द्यायला गेले, तर भिंती उघड्याबोडक्या. फोटो, आरसा, सगळं जमिनीवर टेकवून ठेवलेलं.

"खिळे उपटले मी," ताई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या भिंतीत आपले खिळे कशाला? उद्या किल्लीही देऊन टाकते."

"त्यांनी मागितली?"

"नाही. पण मागायची वेळ कशाला आणायची?"

काकांना कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी न मागता किल्ली द्यायची, हे काही त्यांच्या गळी उतरेना. कोर्टाजवळ मोफत कायदा सल्ल्याची पाटी त्यांनी पाहिली होती. भिडस्तपणा गुंडाळून ठेवून ते ताईंना तिथे घेऊन गेले.

वकीलबाईंनी नोटीस वाचली. "घर अजून तुमचंच आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला कुणी बाहेर काढू शकत नाही. लिलाव होईपर्यंत थकलेलं भरून घर सोडवता येतं. आणि हप्ता कमी करून मागितलात, तर बँकेला लेखी उत्तर द्यावंच लागतं."

"मग ही नोटीस कसली?"

"इशारा आहे तो."

"म्हणजे कच्ची शिलाई," ताई म्हणाल्या. "उसवता येते. मी मेली पक्की समजून बसले."

वकीलबाई हसल्या. "किल्ली दिली असती, तर तुम्हीच पक्की मारली असती."

अर्ज गेला. बँकेने मुदत वाढवली, हप्ता पेलवेल इतका झाला. समोरून मशीनची घरघर पुन्हा सुरू झाली, तेव्हा काकांच्या जिवात जीव आला. बोलून मात्र त्यांनी कधी दाखवलं नाही.

पुढे कर्ज फिटलं. बऱ्याच वर्षांनी ताई गेल्या, तेही आपल्याच घरात, झोपेत. आदल्या दिवशी त्या काकांच्या दुकानाच्या पायरीशी आल्या होत्या.

"काका, हातोडी द्या जरा."

"आता आणखी काय टांगताय?"

"कॅलेंडर."

"भिंतीची पार चाळण केलीत, ताई."

"माझीच आहे. द्या हातोडी."