टाकीतला दाणा

“काकूनं खंडेनवमीला इंजिनची पूजा केली आणि अक्षता थेट डिझेलच्या टाकीतच वाहिल्या! नदीवर नेलं, तर इंजिननं समाधी घेतलेली. शेवटी आमच्या बाबांनी तांदळाचा दाणा शोधून काढला, तेव्हा कुठे मळ्यात पाणी चढलं.”

माझ्या थोरल्या चुलतभावाचा मुलगा ही गोष्ट हळदीच्या प्रत्येक मांडवात सांगतो आणि ऐकणारे पोट धरून हसतात. मी हरकत घेतली, की माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणतो, “काका, सोडा ना. गंमत आहे.” गंमत सांगायला माझी हरकत नाही. परंतु ज्यांच्यावर ती रचली आहे त्या माझ्या वहिनी आज उत्तर द्यायला हयात नाहीत, आणि हा सांगणारा त्या वेळी जन्मालाही आलेला नव्हता. मी तिथे उभा होतो. म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकात आमचा मळा आंबिवलीच्या पुढे, काळू नदीच्या काठी होता. पावसाळ्यात भात, भात निघाले की भेंडी, काकडी आणि वांगी. थोरले बंधू मानपाड्याजवळच्या कारखान्यात पाळीवर जात, मी कल्याणला नोकरी करीत असे. त्यामुळे नदीचे पाणी वर खेचणारे ऑइल इंजिन वहिनींच्या ताब्यात होते. ‘ताब्यात’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. पान्यांच्या पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला असे आणि ती मागण्याची छाती घरात कोणाची नव्हती. हे काम त्या माहेरीच, वडिलांच्या इंजिनवर शिकल्या होत्या.

पुराच्या भीतीने पावसाळाभर इंजिन घराच्या पडवीत येई. खंडेनवमीला लोक अवजारे पुसून हळदकुंकू लावतात. वहिनी इंजिन पुरते उघडत. निघालेला प्रत्येक भाग रॉकेलने धुऊन, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने गोणपाटावर मांडला जाई. त्या गोणपाटाला ओलांडण्याची मुभा खुद्द बंधूंनाही नव्हती. पूजेपूर्वी टाकीचे तोंड, नळ्यांची टोके, जिथे म्हणून भोक असेल तिथे जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे बोळे बसत. मग मोठ्या चाकाला हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचे एक फूल. दसऱ्याला सगळे पुन्हा जोडले, की पदर खोचून त्या स्वतः हँडल मारीत. इंजिन धडधडू लागे, आणि त्या डोळे मिटून, मान किंचित कलती करून त्याचा ठोका ऐकत. मी पुढे पुष्कळ कारागीर पाहिले. यंत्राकडे इतक्या आदराने आणि इतक्या संशयाने एकाच वेळी पाहणारे माणूस दुसरे पाहिले नाही.

त्या वर्षीही दसऱ्याला इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले होते. गोष्टीतून हे नेहमी गळते. आणखीही एक गळते. दिवाळीनंतर चुलतभावाच्या खळ्यावर भात झोडून पडले होते आणि वारा पडला होता. भाताची फोलपटे उडवायला त्याने मोठा पंखा लावला आणि तो चालवायला आमचे इंजिन नेले. परत आले तेव्हा टाकीचे झाकण हरवलेले होते. तोंडात एक चिंधी कोंबलेली होती. वहिनींनी चिंधीकडे पाहिले, चुलतभावाकडे पाहिले, आणि बंधूंनी डोळ्यांनी विनवल्यामुळे त्या गप्प राहिल्या.

इंजिन नदीवर गेले. भेंडीची रोपे नुकती वर आली होती आणि जमीन भेगाळू लागली होती. इंजिन सुरू होई, थोडे पाणी फेकी, धापा टाकी आणि बंद पडे. काठावर चुलतभाऊ छत्री टेकून उभा होता.

“बाईमाणसाच्या हातात मशिन दिली का असंच होनार,” तो म्हणाला. “पूजा कसली करता? मिस्त्री आना.”

रात्रपाळी करून आलेले बंधू वैतागले. त्यांनी किल्ली मागून घेतली, पेटीला कुलूप लावले. “उद्या मानपाड्याहून मिस्त्री आणतो. आणि यापुढे इंजिन तोच बघेल. तू राहू दे आता.”

वहिनींनी एक पाना मात्र आधीच हातात ठेवला होता. “मिस्त्री येईपर्यंत भेंडीला काय सांगू, थांब म्हनून?” असे म्हणून त्या खाली बसल्या. नोझलकडची नळी सैल केली, डिझेल येईना. गाळणी उघडली, ती स्वच्छ. मग टाकीखालची तोटी काढली आणि माझ्यापुढे धरली. “भावोजी, फुंका. उलट्या बाजूनं.” मी फुंकले. खाली धरलेल्या पितळी वाटीत काळ्या डिझेलबरोबर काहीतरी टपकन पडले.

“दाना!” चुलतभाऊ दुरूनच ओरडला. “बघा, अक्षता! मी काय सांगत होतो?”

दाणा त्याने काढला ही थाप इथेच संपावी. त्याने तो फक्त पाहिला, तोही दहा हातांवरून.

बंधूंचा चेहरा उतरला. किल्ली त्यांच्या मुठीत होती, आणि ती मूठ अधिकच आवळली गेली. माझ्या वहिनींच्या सगळ्या खंडेनवम्या त्या मुठीत होत्या.

वहिनींनी वाटीतून दाणा उचलला, पदराने पुसला आणि छत्रीपाशी जाऊन चुलतभावाच्या तळहातावर ठेवला. “दादा, नीट बघा. तुमच्याच वळखीचा हाय.”

तो बघत राहिला. मग दाणा माझ्या हातात टाकून छत्री उघडली, डोक्यावर ऊन नसताना, आणि बांधावरून चालता झाला. बंधूंनी वाकून माझ्या हातातला दाणा पाहिला. मग किल्ली वहिनींच्या हातात दिली. इंजिन त्याच संध्याकाळी चालले, आणि मळा विकेपर्यंत त्याला दुसऱ्या कोणाचा पाना लागला नाही.

माझा पुतण्या म्हणतो, टाकीत दाणा होता हे तर खरे ना? होता. मी तो हातात घेऊन पाहिला आहे. आमच्या घरी अक्षता कांडलेल्या, पांढऱ्या, अखंड तांदळाच्या असत, कुंकवात भिजवलेल्या.

तो दाणा सालासकट होता.